ओठ दिसतायत का?

नवीन लॅपटॉप घरी आला की माणूस पहिल्यांदा काय करतो? वॉलपेपर बदलतो. फार तर स्टिकर लावतो. मी मात्र बॉक्स फोडल्या फोडल्या कॅमेरा उघडला आणि स्वतःच्याच ओठांकडे टक लावून बघत बसले. रूममेट म्हणाली, "लिपस्टिक नवीन का गं?"

म्हटलं, "नाही गं. लॅपटॉप नवीन. पण बघायचेत ओठच."

तर त्याचं असं आहे, की माझी आजी, म्हणजे आईची आई, मिरजेला मामाकडे असते. तंबोऱ्यांच्या गावात आख्खा जन्म गेला आणि गेल्या दहाएक वर्षांत ऐकणं हळूहळू गेलं. कानाचं मशीन आहे, चांगलं महागातलं. ते कपाटात डबीत ठेवलेलं असतं, कारण "कानात शिट्टी वाजते." तरी तिचं कधी कुणाशी बोलणं अडलं नाही. त्यामुळे तिला किती कमी ऐकू येतं याचा आम्हाला पत्ताच नव्हता. 2020 साली सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले आणि आजी एका दिवसात ठार बहिरी झाली! तेव्हा घरातल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ती ऐकत नव्हती, बघत होती.

ओठ वाचणं हा काय प्रकार आहे ते समजून घ्यायचं असेल, तर आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाबा' म्हणा. मग 'मामा' म्हणा. मग 'पापा'. काही फरक दिसला? नाही ना? प, ब, म तिन्ही ओठ मिटूनच निघतात. 'काका'चं तर त्याहून वाईट. क आणि ग घशाकडे तयार होतात, बाहेर काही दिसतच नाही. म्हणजे ओठ वाचणाऱ्याला अर्ध्याहून कमी माल मिळतो. उरलेलं तो डोळे, भुवया, हातवारे आणि विषय काय चाललाय यावरून भरून काढतो. आजी हे रोज करते, तेही कुठलाही कोर्स न करता.

आता खरा लोच्या सांगते.

दर रविवारी सकाळी अकराला आमचा व्हिडिओ कॉल असतो. तिकडे मामेभाऊ टॅब उभा करून देतो, इकडे मी आणि माझा कॉलेजच्या काळातला लॅपटॉप. फोनवरून का नाही, असं तुम्ही विचाराल. फोन हातात धरला की हलतो, आणि मला दोन्ही हात मोकळे लागतात. आजीशी मी अर्धं हातांनीच बोलते. कॉल छान व्हायचे. मी बोलायचे, आजी हसून मान डोलवायची, "छान, छान" म्हणायची. दहा मिनिटांत दोघी खूश.

आठ महिन्यांपूर्वी मी नोकरी सोडली. फ्रीलान्स करायचं ठरवलं. घरात जे व्हायचं ते झालं. बाबा दोन आठवडे बोलले नाहीत, आईने पीएफचं काय ते विचारलं. रविवारी आजीला सांगितलं, "आजी, मी नोकरी सोडली." आजीचा चेहरा उजळला. "बरं झालं गं पोरी! देवानं ऐकलं!" मला भरून आलं. सगळ्या घरात एकटी आजी माझ्या बाजूने! पुढे जेव्हा जेव्हा पेमेंट लटकलं आणि रात्री दोन वाजता पोटात गोळा आला, तेव्हा तेव्हा मी ते वाक्य आठवून झोपले.

मागच्या महिन्यात मामीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या नोकरीचे पेढे अजून लक्षात आहेत हं गल्लीला. आईंनी स्वतः घरोघर जाऊन वाटले होते."

नोकरीचे पेढे?

'नोकरी सोडली.' 'नोकरी लागली.' आरशात बघा. 'सो'ला ओठ गोल होतात, 'ला'ला उघडतात. बाकी सगळं जवळपास सारखं. एवढासा फरक माझ्या लॅपटॉपच्या धुरकट चित्रात वाहून गेला होता. आठ महिने मी ज्या आशीर्वादावर तग धरून होते, तो मला मिळालेलाच नव्हता.

जुना लॅपटॉप तसाही आचके देत होता, त्याच आठवड्यात नवीन घेतला. दुकानात मी कॅमेऱ्याबद्दल विचारलं, तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, एचडी आहे. आणि कॅमेरा कोण बघतं? रॅम बघा!"

मी घरी येऊन कॅमेराच बघितला. विंडोजमध्ये हे सोपं आहे. कॅमेरा अ‍ॅप उघडायचं, सेटिंग्जमध्ये जायचं, फोटो आणि व्हिडिओची क्वालिटी तिथे आकड्यांत लिहिलेली असते. विश्वास नसेल तर एक फोटो काढा, फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा. माझा आकडा निघाला 1280 गुणिले 720. गुणाकार केला तर 9,21,600 ठिपके. म्हणजे एक मेगापिक्सेलसुद्धा नाही! एचडी म्हणजे फुल एचडी असं मी मनातल्या मनात धरून चालले होते. ते 1920 गुणिले 1080, दुपटीहून जास्त. 'एचडी' हा शब्द खोटा नव्हता, पण मला हवा होता तेवढा खराही नव्हता.

आधी जाम चिडचिड झाली. मग वाचत बसले तर कळलं, की आपण एकटेच नाही. अ‍ॅपलच्या मॅकबुक एअरलासुद्धा 2020 पर्यंत 720पीचाच कॅमेरा होता, 2022 च्या मॉडेलमध्ये तो 1080पी झाला. कारण साधं आहे. कॅमेरा बसतो लॅपटॉपच्या झाकणात, आणि झाकण असतं काही मिलिमीटर जाडीचं. फोनला निदान अंगात जाडी असते. चांगल्या सेन्सरला आणि भिंगाला जागा लागते, आणि आपल्याला तर लॅपटॉप स्लिम हवा. शिवाय खरेदी करताना तो सेल्समन म्हणाला तेच खरं. कॅमेरा बघतं कोण?

गंमत म्हणजे वेबकॅमचा जन्मच आळसातून झालाय. 1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला. भांडं रिकामं असेल तर उगाच जिने चढायला नकोत! 1993 मध्ये ते चित्र वेबवर गेलं. 128 गुणिले 128 ठिपके, तेही काळे-पांढरे. कॉफी आहे की नाही, एवढं कळायला तेवढं पुरायचं.

तिथे माझी ट्यूब पेटली. किती ठिपके आहेत त्यापेक्षा, मला ते कशासाठी हवेत? मला कॉन्फरन्समध्ये झळकायचं नाही. मला 'सो' आणि 'ला' वेगळे दिसायला हवेत. बस.

मग रीतसर प्रयोग केला. रात्री ट्यूबलाइटखाली स्वतःचा व्हिडिओ रेकॉर्ड केला. 'सोडली' आणि 'लागली' उलटसुलट क्रमाने दहा वेळा. आवाज बंद करून रूममेटला दाखवला. तिला पाच ओळखता आले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसले, लॅपटॉप एक हात जवळ ओढला आणि पुन्हा दहा वेळा. या वेळी नऊ!

कॅमेरा तोच, आकडा तोच, मग फरक कसला? एक, उजेडाचा. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो. सेकंदाला तीस चित्रं यायची तिथे पंधरा येतात आणि ओठांची हालचाल फासली जाते. दोन, अंतराचा. लांब बसलं की 1280 ठिपक्यांतले जेमतेम ऐंशी-नव्वद माझ्या ओठांच्या वाट्याला येतात, बाकीचे मागच्या भिंतीला आणि दोरीवरच्या टॉवेलला. निम्म्या अंतरावर आले की ओठांचे ठिपके रुंदीत दुप्पट. तिसरी गोष्ट नेटची. नेट ढेपाळलं की अ‍ॅप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतं. तुमचा कॅमेरा कितीही भारी असो, समोर काय पोचतं ते अ‍ॅप ठरवतं. म्हणून रविवारी रूममेटचं सीरिज बघणं बंद करवलं आणि राउटरशेजारी ठाण मांडलं.

अकरा वाजले. मामेभावाने टॅब उभा केला. आजी नेहमीसारखी हसली, मग पुढे वाकून बघायला लागली. "आज लई स्वच्छ दिसतीस गं. वाळलीस की!"

खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, राहू दे. धुरकट होतं तेच बरं होतं. तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. तो आशीर्वाद चुकून मिळालेला असला तरी मला आठ महिने पुरला होता. आता खरं सांगितलं आणि ती बाबांसारखी गप्प बसली तर? मग रात्री दोन वाजता काय आठवायचं?

पण नेमका त्यासाठीच तर एवढा उजेड केला होता. हळू बोलले. हाताने सोडल्याची खूण केली. "आजी, मी नोकरी सोडली."

आजीचे डोळे माझ्या ओठांवर. भुवया वर गेल्या. "सोडलीस?"

"हो."

"कधी?"

"आठ महिने झाले."

ती गप्प झाली. तिकडच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा मला दिसत होतं. मग म्हणाली, "मग मी पेढे कशाचे वाटले?"

मला हसू आणि रडू एकदम आलं. आजी हसली नाही. तिने विचारलं, "जेवतीस ना वेळेवर? पैसे पुरतात?" मी म्हटलं, कधी पुरतात, कधी नाही. हेही तिला पहिल्या फटक्यात कळलं. "छान, छान" नाही म्हणाली. रागावली, बराच वेळ बोलली, मामाला हाक मारून त्यालाही सांगितलं. बाबांच्या बाजूने बोलली, मग माझ्या बाजूने बोलली. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझं आजीशी बोलणं झालं.

कॉल ठेवताना म्हणाली, "आता गल्लीत काय सांगू?"

म्हटलं, "सांग, नात स्वतःचं काम करते."

"बघते," ती म्हणाली. "पण पेढे नाही हं वाटायची. आधी काम दाखव." आणि मग, "पुढच्या रविवारी पण खिडकीपाशीच बैस. तोंड दिसतंय आज."

लॅपटॉप परत करायचा विचार मी सोडलाय. हो, सोडलाय. लागलाय नाही.