तारा कीं कट्यार?

आमचे हे गेल्यावर त्यांच्या पुंजयामिकीच्या पांच वह्या माझ्या हातीं आल्या. त्या छापण्याजोग्या कराव्या, म्हणून गणिताची अक्षरजुळणी करणारी 'लाटेक' ही संगणकप्रणाली मी पुतण्याकडून शिकूं लागलें.

डिरॅक यांनीं १९३९ सालीं इंग्रजी 'ब्रॅकेट' शब्द फोडून 'ब्रा' आणि 'केट' हीं नांवें दिलीं. त्यांचेच टोंकदार कंस वह्यांत पानोपानीं आहेत. मी त्यांच्या जागीं 'पेक्षां लहान' व 'पेक्षां मोठा' हीं चिन्हें घातलीं, तों कंस व आंतील अक्षर यांमध्यें भलतीच जागा सुटली. पुतण्या म्हणाला, "काकू, यंत्राला वाटलें, तुम्ही तुलना करतां आहांत. 'लँगल' लिहा, म्हणजे त्याला कंस कळेल." चिन्हाचा अर्थ यंत्रालाहि आधीं सांगावा लागतो, हें मला तेव्हां उमगलें.

पुढें एका 'ऑपरेटर'च्या माथ्यावरील खूण पुसट निघाली. तारा असेल तर अर्थ निराळा, कट्यार असेल तर निराळा. डोळ्यांनीं ठरेना. लग्नानंतर सुटलेलें गणित मग पुन्हां हातीं धरलें. समीकरणाच्या दोन बाजूंस 'ब्रा' व 'केट' यांची अदलाबदल झालेली दिसली. तेव्हां ती कट्यारच!

हे असतांना त्या वह्यांतलें मीं त्यांना कधींच कांहीं विचारलें नव्हतें. आतां तिसरी वही चालू आहे.