टेकडी आधी, इमारत नंतर

जळगाव म्हणजे केळी, भरताची वांगी आणि मरणाचं ऊन. पण आर्किटेक्चर शिकत असाल, तर एक वीकेंड जैन हिल्सला काढाच. मी गेले ती चौथ्या वर्षातल्या मावसबहिणीसोबत. तिला लँडस्केपही शिकायचंय. बी.आर्च.मध्ये तो जेमतेम एक विषय. नीट शिकायचा तर पाच वर्षांनंतर आणखी दोन, पुण्याच्या बीएनसीएसारख्या कॉलेजात एम.आर्च. मावशीचा सवाल, ‘सात वर्षं शिकून झाडंच लावायची ना?’

या उजाड टेकड्यांवर भवरलाल जैन यांनी आधी पाणी अडवलं, मग ठिबकवर झाडं जगवली. जोधपुरी दगडातलं गांधीतीर्थ आलं २०१२ मध्ये. आता इमारत कुठे संपते नि टेकडी कुठे सुरू होते, सांगा बघू!

मुंबईला परतताना धुळं वाटेतच. इथल्या पांझरेवरची फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्याचं पाणी पाटाने, निव्वळ उतारावर शेतात येतं. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडणार पाटकरी. बहिणीने लगेच स्केचबुक काढलं. दोन्ही शिक्षणं वेगळी का, हे मलाही कळेना. अर्थात, जादा दोन वर्षांची फी मावशीच भरणार आहे.