बिनसहीचा जामीनदार

उसनं मागण्याचंही एक शास्त्र आहे. वाटीभर साखर मागताना माणूस जरासा ओशाळतो. हजार रुपये मागताना नजर चुकवतो. पण सात लाखांची मोटार मागताना तो अंगणात उभा राहून नुसता हात पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊसाहेब, चावी!"

निदान आमच्या वरवंडला तरी असंच आहे. गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर. यवत, चौफुला मागे टाकलं की वरवंड, पुढे पाटस. दारातून एवढा रुंद रस्ता गेल्यावर गाडी नसलेल्यालाही आपल्याकडे ती असल्याचा भास होणं स्वाभाविक आहे. रविवारी मोरगावच्या गणपतीला, सोमवारी दौंडला पाहुण्यांना आगगाडीत बसवायला, लग्नसराईत नवरदेव मिरवायला अशी आमची गाडी गावभर नांदत असते. हप्ते भरण्यापुरती ती माझी.

आता मी पडलो बँकेतला कारकून. पन्नास हजारांचं कर्ज मागणाऱ्याला मी सात-बारा, दोन फोटो आणि दोन जामीनदार आणायला सांगतो. तोच गृहस्थ संध्याकाळी एकही सही न करता माझी गाडी घेऊन जातो. मग त्याचा जामीनदार कोण? अर्थातच मी. तोही बिनसहीचा!

"विमा आहे ना गाडीचा? मग झालं तर!" हे चावी घेणाऱ्याचं ठरलेलं वाक्य. ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. बी.कॉम.च्या जोरावर मी एका रात्री पॉलिसीची बारीक अक्षरं वाचून काढली, तेव्हा उरलेलं अर्धं सापडलं.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने दुसऱ्याने चालवली तरी तो लागू राहतो. इंग्लंडात पॉलिसीवर चालवणाऱ्यांची नावं घालून घ्यायची पद्धत आहे. ती इथे असती तर मला वरवंडची मतदारयादीच जोडावी लागली असती. आपल्या पॉलिसीची अट साधी आहे : चालवणाऱ्याकडे त्या दिवशी चालू असलेलं लायसन हवं. शिकाऊ लायसनही चालतं, मात्र शेजारी पक्कं लायसनवाला बसलेला हवा आणि गाडीवर लाल 'एल' हवा.

पण लायसन आहे का, हे विचारायचं कसं? शेजारच्या तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय मी!" जणू मी त्यांच्या खानदानाचा दाखला मागितला होता. कायद्याला मात्र असला संकोच नाही. लायसन नसलेल्याला गाडी दिली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालकही गुन्हेगार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालवणारा सतरा वर्षांचा भाचा असला तर पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मामाला भाचा एवढा महाग कंसाच्या काळानंतर प्रथमच पडतो आहे.

न्यायालयं त्या मानाने समजूतदार. गुजरातेत एक ट्रकवाला इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानात खायला आणायला गेला आणि बिनलायसनच्या क्लीनरने ट्रक हाकला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात मालकाने अट मोडली नाही, कंपनीने भरपाई द्यावी. २००४ सालीही त्याच न्यायालयाने म्हटलं की मालकाचा हलगर्जीपणा कंपनीने सिद्ध करायला हवा. तो सिद्ध झाला तरी जखमी माणसाला आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम होऊ शकतो. हे मात्र मला लगेच कळलं. आमच्या बँकेत जामीनदाराचं हेच करतात.

आणखी एक कलम आहे. खाजगी मोटारीतून भाडं नेता येत नाही, आणि मालही नाही. चालतात फक्त प्रवाशाचं सामान आणि मालाचे नमुने. परवा कोणी तरी डिकीत कांद्याच्या तीन गोण्या घालून निघालं होतं. तीन गोण्यांना नमुना म्हणावं, इतका मी उदार नाही.

पण खरी गोम पुढेच होती. चावी देणाऱ्याच्या काळजीत आपण चावी घेणाऱ्याला विसरतो. पॉलिसीतला पंधरा लाखांचा अपघात विमा असतो तो स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचा. मागून नेणाऱ्याचा नव्हे. कर्नाटकात एकजण मित्राची मोटारसायकल मागून गावी निघाला आणि अचानक थांबलेल्या बैलगाडीवर आदळून गेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो. त्यामुळे घरच्यांनी ज्या कलमाखाली भरपाई मागितली होती, तिथे ती मिळत नाही. म्हणजे तात्या गाडी नेतात तेव्हा रस्त्यावरच्या परक्याला संरक्षण, माझ्या पत्र्याला संरक्षण, आणि उघडे फक्त तात्या.

म्हणून गाडी द्यायचीच नाही? रात्री दोन वाजता कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून दार वाजलं तर नाही म्हणता येत नाही. म्हणूही नये. तेव्हा मी सोय आधीच करून ठेवायचं ठरवलं. तात्यांचं लायसन शोधायला लावलं, तर त्याची मुदत कधीच संपलेली. पासष्टीत ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. ते झाल्यावर त्यांना बँकेत बोलावून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज पुढे केला. वर्षाला वीस रुपये खात्यातून वळते होतात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. वयाच्या सत्तरीपर्यंत चालतो. दोन लाख म्हणजे पंधरा लाख नव्हेत, पण शून्यही नव्हे.

"गाडी तुझी आणि अर्ज मी भरायचा?" तात्या कुरकुरले. पण वारसाच्या रकान्यापाशी आल्यावर गप्प झाले. काकूंचं नाव त्यांनी सावकाश, अक्षर न अक्षर सुटं काढून लिहिलं. मग चष्मा काढत म्हणाले, "याला जामीनदार नको का रे कोणी?"

"आहे की," मी म्हटलं, "नेहमीचाच."