धनी नसलेला कळप

मेच्या सुट्टीत गिर्यारोहण शिबिराचे आमचे तंबू लडाखमधील रुंबक खोऱ्यात पडले होते. हे हेमिस राष्ट्रीय उद्यान, १९८१ सालचे. पण झाडे अगदी औषधापुरती!

पहाटे समोरच्या कड्यावरचा एक दगड हलला, मग दुसरा. भरल! निळसर राखी अंग खडकात असे मिसळलेले की चालतील तेव्हाच दिसावेत. नरांची शिंगे बाजूला पसरून मागे वळलेली. यांना निळी मेंढी म्हणतात खरे, पण शास्त्राप्रमाणे नाते शेळीशी अधिक जवळचे.

इतरांनी कॅमेरे काढले. मी मेंढपाळाचा मुलगा, मोजू लागलो. तेवीस. लंगडी कोणती, गाभण कोणती, तेही नजरेने शोधले. रात्री मोजणी जुळल्याशिवाय आमच्या तात्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. इथे हिमबिबट्या एखादे नेतो, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

तात्यांनी यंदा कळप विकायला काढला आहे. मी कॉलेजात, दिवाळीनंतर माणातून कोकणात मेंढरे नेणार कोण?

घरी आल्यावर सारे सांगितले. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रातच्याला वाघर कुठं लावत्यात त्यास्नी?"

"वाघर नाही, तात्या. कड्यावरच बसतात."