गाडी येईपर्यंतची जागा

रेल्वेवेड्यांचे दोन पंथ आहेत. पहिला फलाटावर रमतो. त्याला इंजिनाचा नंबर हवा, डब्यांची जुळणी हवी, टिपून ठेवायला वही हवी. दुसरा गावाबाहेर पडतो, एखादं टेकाड गाठतो आणि गाडी लांबून, अख्खी, आजूबाजूच्या मुलखासकट बघतो. मी दुसऱ्या पंथातला. आणि या पंथाची पंढरी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत आहे, असं माझं ठाम मत आहे. शहरं एकमेकांपासून दूर, मधला मुलूख विरळ वस्तीचा, मोकळा. आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनी नद्यांचा हात धरून वळणावळणांनी नेलेले रूळ.

जागेचा शोध नकाशावर सुरू होतो. आयजीएन या सरकारी संस्थेचे नकाशे तिथे पुस्तकांच्या दुकानातही मिळतात. एका सेंटिमीटरला २५० मीटर, म्हणजे पायवाटसुद्धा सुटत नाही. मी आधी रूळ बघत नाही. समोच्च रेषा कुठे दाटल्या आहेत ते बघतो. तिथे चढ असणार. चढावर पायवाट असली आणि तिच्यासमोर रूळ मोकळ्यावर आलेले असले, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सूर्याच्या हातात. फ्रान्सचं घड्याळ उन्हाळ्यात सूर्याच्या बरंच पुढे धावतं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दुपारचे पावणेदोन झालेले असतात, आणि रात्री साडेनऊलाही वर्तमानपत्र वाचता येतं. ‘सकाळचं ऊन’ म्हणजे तिथे चांगलं जेवणाच्या वेळेपर्यंतचं ऊन.

आपल्या डोळ्यांची एक सोय मात्र आयती होते. फ्रान्समध्ये मोटारी उजवीकडून जातात, पण गाड्या डावीकडून, आपल्यासारख्याच. सुरुवातीचे लोहमार्ग घालण्यात ब्रिटिश इंजिनिअरांचा हात होता, त्याची ही खूण. अपवाद आल्सास आणि मोझेल भागाचा. १८७१ नंतर तो जर्मनीकडे गेला, तिथल्या गाड्या उजवीकडून धावू लागल्या आणि प्रदेश परत मिळाल्यावरही तशाच राहिल्या. जुन्या सरहद्दीपाशी आजही एक रूळ दुसऱ्यावरून पूल घेऊन बाजू बदलतो.

टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांच्या खास मार्गांकडे मी फिरकत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, आणि ताशी ३०० किलोमीटरने येणारी २०० मीटर लांबीची गाडी डोळ्यांसमोरून जायला जेमतेम अडीच सेकंद घेते. एवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही.

गाराबीचा पूल हे याचं दुसरं टोक. मासिफ सांत्रालच्या पठारात त्र्युयेर नदीवर आयफेलच्या कंपनीने पॅरिसच्या मनोऱ्याआधी उभारलेला. लांबी ५६५ मीटर, मधली लोखंडी कमान १६५ मीटरची. खाली पुढे धरण झालं आणि पाणी वर चढलं, तरी पुलाचा डौल उणावलेला नाही. पलीकडे मोटारवाल्यांसाठी महामार्गावर थांबायची जागाही केली आहे. पण या मार्गावर गाड्या इतक्या तुरळक, की लोक पुलाचा फोटो काढतात आणि गाडी न बघताच निघून जातात. पुलासाठी जायचं तर जरूर जावं. गाड्यांसाठी मी सांगणार नाही.

माझी आवडती जागा बर्गंडीत आहे. मों ओस्वा नावाची ४०७ मीटर उंचीची, माथ्यावर सपाट अशी टेकडी, उतारावर आलीझ-सँत-रेन हे गाव. इ. स. पूर्व ५२ मध्ये सीझरने वेर्सँजेतोरिक्स या गॉल सेनानीला वेढा घातला तो आलेझियाचा डोंगर हाच, असं मानतात. तिसऱ्या नेपोलियनने इथे उत्खनन करवलं आणि १८६५ साली त्या सेनानीचा भलामोठा पुतळा उभारला. पुतळ्याचा चेहरा बादशहासारखा दिसतो, असं लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत. खुशामत फ्रेंच शिल्पकारांनाही जमते! पुतळा पश्चिमेला, ले लोमच्या मैदानाकडे बघतो, आणि त्याच मैदानातून पॅरिस–दिजाँचा जुना मुख्य मार्ग जातो. १८५१ पासून.

शत्रूची फौज कुठून येते ते बघायला जी जागा निवडावी, तीच गाडी बघायलाही निवडावी, हे मला इथे कळलं. रूळ दोनेक किलोमीटर अंतरावर आहेत. गाडी आधी दिसते, आवाज पाच-सहा सेकंदांनी चढून येतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत मालगाडी एका नजरेत मावते. खाली बर्गंडीचा कालवाही आहे. कुरणांत शारोले जातीच्या पांढऱ्या गाई, आणि ले लोम हे गाव, जे रेल्वेमुळेच वाढलं. पॅरिसहून दिजाँला जाणाऱ्या टीजीव्हीसुद्धा इथे पोचायच्या आधीच आपला खास मार्ग सोडून या जुन्या रुळांवर येतात, वेग जवळजवळ निम्म्यावर आणतात, आणि मग त्यांच्याकडे नीट बघता येतं. पुढे ब्लेझी-बाचा चार किलोमीटरचा बोगदा.

इथल्या रुळांवरची विजेची तार १५०० व्होल्ट डीसीची. दाब कमी म्हणून तारा जाड, जडशीळ. १९२५ साली मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती याच दाबावर, आणि कल्याणच्या पुलावरून माझ्या पिढीने बघितलेल्या गाड्याही. आता मुंबईतला डीसी संपला. २५ हजार व्होल्टच्या एसीची पद्धत आपण पन्नासच्या दशकात फ्रेंचांच्याच सल्ल्याने घेतली होती, ती अखेर मुंबईतही पोचली. फ्रेंच मात्र बर्गंडीत जुनीच तार वापरत बसले आहेत. मला त्याचा आनंदच होतो.

एक अडचण सांगून ठेवतो. कित्येक मुख्य मार्गांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी, भर दिवसा, दीड-दोन तास दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात. आपला मेगाब्लॉक रविवारी. यांचा मंगळवारीही असू शकतो. खेड्यातली दुकानंही दुपारी बंद. त्या वेळात टेकडीवर काही करण्यासारखं नसतं आणि काही करावंसंही वाटत नाही. माझ्या लेखी जागेची खरी परीक्षा हीच. गाडी नसताना जिथे कंटाळा येतो, ती जागा नकाशावर कितीही चांगली दिसो, वाईटच.

तेव्हा जाणार असाल तर जूनमध्ये जा. ले लोमला उतरून टेकडीवर चालत जाता येतं. एक वाजायच्या आत वर पोचा, कारण नंतर ऊन समोरून येतं. पाणी आणि खाणं सोबत घ्या, आणि परतीच्या गाडीचं वेळापत्रक चढण्याआधी बघून ठेवा. ले लोमला सगळ्याच गाड्या थांबत नाहीत.