बेंगळुरूत कुणी विचारले, ‘ऊट आयता?’

माझ्या भाचीला बेंगळुरूच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. महिनाभराने तिचा रडवेला फोन आला. “मावशी, हॉस्टेलचं जेवण घशाखाली उतरत नाही. आईला सांगू नकोस, पण मला परत यावंसं वाटतंय.” ताईला सांगितले असते, तर ती मेथीच्या पराठ्यांची पिशवी घेऊन दुसऱ्याच दिवशी गाडीत बसली असती. म्हणून मीच रजा टाकली आणि उद्यान एक्स्प्रेसचे तिकीट काढले.

मुले शिकायला बाहेरगावी गेली की आईवडिलांना फी आणि अभ्यासाआधी चिंता लागते ती जेवणाची. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी मुले-मुली बेंगळुरूला जातात. त्यांच्या पालकांना आणि चार दिवस फिरायला जाणाऱ्या कुटुंबांनाही उपयोग व्हावा, म्हणून त्या दोन दिवसांची ही हकिगत. मोठ्या साखळी हॉटेलांत आम्ही गेलोच नाही. एकेका कुटुंबाने उभी केलेली आणि शहराने आपली मानलेली खाण्याची ठिकाणे तेवढी पाहिली.

बेंगळुरू हे विद्येचे शहर आहे. सेंट्रल कॉलेजची परंपरा 1858 पासूनची. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेल्या जागेवर 1909 मध्ये भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. जुने रिक्षावाले तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. बसवनगुडीत नॅशनल कॉलेज आहे, तर बेंगळुरू विद्यापीठ 1964 चे. एवढी मुले जेवणार कुठे? या प्रश्नाचे उत्तर उडुपीकडच्या आचाऱ्यांनी दिले. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथे पहिल्या घासातच ओळख पटेल.

मल्लेश्वरमची सकाळ

सकाळी सातला भाचीला हॉस्टेलवरून उचलले आणि थेट मल्लेश्वरम गाठले. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतली गर्दी कमी करण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या आकाराला आल्या. आखीव रस्ते, दारात झाडे, पहाटे फुलांचे हारे. पुण्याच्या सदाशिव पेठेची आठवण यावी असे वातावरण.

मार्गोसा रोडवर पंधराव्या क्रॉसला ‘वीणा स्टोअर्स’ आहे. नाव स्टोअर्स, पण मिळते इडली. बसायला जागा नाही. पदपथावर उभे राहायचे, हातात प्लेट घ्यायची. इडली अशी मऊ की बोटाने दाबली तर पुन्हा वर येते. तिच्यावर सढळ हाताने हिरवी चटणी. आजोबा, कॉलेजची मुले, ऑफिसला निघालेल्या बायका, सगळे एका रांगेत उभे. भाचीने दुसरी प्लेट मागितली, तेव्हा मला जरा हायसे वाटले.

त्याच रस्त्यावर सातव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर ‘सीटीआर’ आहे. मूळ नाव सेंट्रल टिफिन रूम, पाटीवर आता श्री सागर असेही नाव आहे. इथला बेण्णे मसाला डोसा प्रसिद्ध. बेण्णे म्हणजे लोणी. बाहेरून तांबूस, कुरकुरीत, आतून मऊ, आणि वर लोणी. सुट्टीच्या दिवशी गेलात तर टेबलासाठी वाट पाहण्याची तयारी ठेवा. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याचा डोसा संपण्याची वाट पाहणे इथे कुणाला गैर वाटत नाही.

मराठी माणसाने मल्लेश्वरममध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. या वस्तीला जिचे नाव मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे देऊळ. बेंगळुरू 1638 मध्ये शहाजीराजांच्या जहागिरीत आले होते. त्यांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1669 मध्ये या देवाला गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. डोशाच्या रांगेतून आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर आलो. “म्हणजे आपली माणसं इथे आधीच आली होती तर,” भाची म्हणाली. त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली.

वांगीभाताची ओळख

हे नाते स्वयंपाकघरातही दिसते. बेंगळुरूच्या प्रत्येक हॉटेलात ‘वांगी बात’ मिळतो. कन्नडमध्ये वांग्याला बदनेकायि म्हणतात आणि भाताला अन्न. मग हे नाव कुठून आले? सरळच आहे, आपल्या वांगीभाताचे ते भावंड. ‘खारा बात’ म्हणजे भाज्या घातलेला तिखट उपमा आणि ‘केसरी बात’ म्हणजे तूप सुटलेला केशरी शिरा. दोन्ही एकाच बशीत घेतले की त्याला म्हणायचे ‘चौ चौ बात’. परीक्षेच्या दिवसांत मुलांचे पोट भरण्यासाठी याहून सोपा पदार्थ नाही.

मांसाहार करणाऱ्यांसाठी इथे ‘मिलिटरी हॉटेल’ नावाचा प्रकार आहे. पाटी वाचून बिचकू नका. तिथे सैनिकांपुरतेच जेवण नसते. उडुपी शाकाहारी हॉटेलांपेक्षा वेगळे, मटण आणि कोंबडी मिळणारे ठिकाण, एवढाच त्याचा अर्थ. यांतली कित्येक जुनी हॉटेले दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठा कुटुंबांनी काढली. मराठा सैनिकांच्या जेवणावरून हे नाव पडले, असे सांगतात. जयनगरचे ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ त्यांतलेच एक. तिथली ‘दोन्ने बिर्याणी’ पानांच्या द्रोणात येते. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच. बारीक तांदूळ, हिरवा मसाला आणि मऊ मटण. मिलिटरी हॉटेलांत नाचणीचा उंडाही मिळतो, त्याला मुद्दे म्हणतात. तो चावायचा नाही, रश्श्यात बुडवून गिळायचा. आम्हाला काही ते जमले नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मात्र आमच्याकडे पाहून मनमुराद हसले.

लालबागजवळचे एमटीआर

लालबागच्या मुख्य दरवाजापासून जवळच ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, म्हणजेच एमटीआर. उडुपीजवळच्या परंपळ्ळीहून आलेल्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये हे ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ या नावाने सुरू केले. 1960 मध्ये ते आजच्या जागेत आले आणि मावळ्ळी या भागाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 1951 मध्ये यज्ञनारायण मय्या युरोपला जाऊन आले. तिथल्या उपाहारगृहांची स्वच्छता पाहून त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचीही तशीच शिस्त बसवली.

आपण घरोघरी करतो ती रवा इडली इथलीच, असे एमटीआरवाले सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि तांदळाची टंचाई पडली. तेव्हा तांदळाऐवजी रवा घेऊन इडली करून पाहिली. वर काजू, आत मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, सोबत बटाट्याचा सागू आणि वाटीत तूप. अडचणीतून निघालेला हा पदार्थ अडचण सरल्यावरही लोकांनी सोडला नाही.

या हॉटेलाने आणखी एक संकट पाहिले. 1975 च्या आणीबाणीत हॉटेलातील पदार्थांचे दर सरकारने खाली आणले. त्या दरात पूर्वीची प्रत राखणे शक्य नव्हते. मय्यांनी प्रत कमी करण्याऐवजी हॉटेल बंद ठेवले आणि तयार पिठे व मसाल्यांची पाकिटे विकायला सुरुवात केली. त्यातूनच देशभर पोचलेला मोठा धंदा उभा राहिला. पाकिटांचा हा व्यवसाय 2007 मध्ये नॉर्वेच्या ऑर्कला कंपनीने घेतला. हॉटेल मात्र मय्या कुटुंबाकडेच राहिले. वाण्याकडे दिसणारे पाकीट आणि लालबागचे हॉटेल यांचे मालक वेगळे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

विद्यार्थ्यांच्या नावाचे हॉटेल

संध्याकाळी बसवनगुडीच्या गांधी बझारमध्ये गेलो. तिथे 1943 पासून ‘विद्यार्थी भवन’ आहे. आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सुरू झाले, म्हणून हे नाव. पुढे मुलांबरोबर त्यांचे शिक्षकही आले, लेखकही आले. ज्ञानपीठ विजेते मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचे घर या भागातच होते. कन्नड साहित्यिकांची चित्रे भिंतीवर लावलेली आहेत. डोसा खाता खाता मान वर केली की समोर एखादे कवी दिसतात.

इथला डोसा आकाराने लहान, जाडसर, लालसर आणि कडक. सोबत सांबार नाही, पातळ चटणी. वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून टेबलांमधून चालत येतात. एकही ताटली खाली पडत नाही. भाची ते पाहतच राहिली. एका वाढप्याने तिच्यापुढे ताटली ठेवली, तिच्याकडे पाहिले आणि विचारले, “स्टुडंट?” तिने मान हलवली. मग न मागताच त्याने चटणी पुन्हा वाढली.

जवळच शंकरपुरममध्ये ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ आहे, 1965 पासूनचा. चार-पाचच पदार्थ: इडली, वडा, खारा बात, केसरी बात आणि कॉफी. इथेही सांबार नाही आणि बसायला खुर्ची नाही. चटणी मात्र हवी तितकी. अशा उभ्याने खाण्याला बेंगळुरूत 1983 नंतर ‘दर्शिनी’ हे नाव मिळाले. त्या वर्षी जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले आणि मग कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी निघाल्या. आधी पैसे, मग कुपन, मग प्लेट. कमी पैशांत स्वच्छ आणि गरम खाणे. खिसा हलका असेल तर दोघांनी मिळून एक कॉफी घ्यायची, तिला ‘बाय टू’ म्हणतात. मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी कुरकुरत नाही.

निवांत गप्पा मारायच्या असतील तर सेंट मार्क्स रोडवरचे ‘कोशीज’. 1940 मध्ये बेकरी म्हणून सुरुवात झालेल्या या ठिकाणी पत्रकार, चित्रकार, वकील तासन्‌तास बसलेले दिसतात. कॉफी आणि कटलेट घेऊन कितीही वेळ बसा, उठा म्हणत नाहीत.

जे राहिले नाही

सगळे काही गोड नाही. मल्लेश्वरममध्ये 1954 पासून ‘न्यू कृष्णा भवन’ होते. डिसेंबर 2023 मध्ये ते कायमचे बंद झाले. महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाउस 2009 मध्ये आपली जुनी जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेले. जमिनीचे भाव आकाशाला भिडले की चाळीस रुपयांची इडली विकणाऱ्याला मोक्याची जागा परवडत नाही. घरातल्या नव्या पिढीला पहाटे चारला उठून भट्टी पेटवावीशी वाटेलच असेही नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? आपणही आपल्या मुलांना इंजिनिअर व्हायलाच तिथे पाठवतो ना! पण एखादे हॉटेल बंद होते, तेव्हा गावात नव्याने आलेल्या पोराला ‘आणखी वाढू का?’ विचारणारे एक दार बंद होते. म्हणून गेलात तर यांच्याकडे अवश्य जा. आपल्या एका प्लेटनेही त्यांना हातभार लागतो.

थोडे उपयोगी

नम्म मेट्रोच्या हिरव्या मार्गाने हे सारे फिरता येते. मल्लेश्वरमसाठी संपिगे रोड, बसवनगुडीसाठी नॅशनल कॉलेज, तर एमटीआरसाठी लालबाग स्थानक. पुढे थोडी पायपीट किंवा रिक्षा. प्रत्येक हॉटेलाचा सुट्टीचा वार वेगळा असतो आणि दुपारी काही तास दारे बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. शनिवार-रविवारी गर्दी फार. लहान मुले बरोबर असतील तर सकाळी आठच्या आत पोचावे. तिखट कमी चालत असेल तर इडली आणि केसरी बात उत्तम.

चार कन्नड शब्द शिकून घ्या: बेकु म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, आणि स्वल्प म्हणजे थोडे. शेवटचा तर आपलाच आहे!

आणखी एक वाक्य कानावर पडेल, ‘ऊट आयता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ भेटल्यावर खुशालीच्या जागी इथे हे विचारतात. निघायच्या दिवशी हॉस्टेलच्या फाटकावर रखवालदार मामांनी भाचीला हेच विचारले. इतके दिवस ती ते ऐकत होती, पण तिला वाटायचे की ते काही नियम सांगताहेत. अर्थ कळल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आयतु, मामा.” झालं, मामा.

ती परत आली नाही. आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ताई तिला भेटायला गेली, पराठ्यांची पिशवी घेऊन. रात्री ताईचा फोन आला, “अगं, हिने मला त्या विद्यार्थ्यांच्या हॉटेलात नेलं. तासभर उभं केलं रांगेत. आणि बिल कुणी दिलं माहीत आहे? हिने!”

पराठे मैत्रिणींनी संपवले म्हणे.