‘बरं आहे’ या उत्तरामागे



हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकात उतरलात, तर कापूस बाजाराची जुनी इमारत आणि गोदामे आजही दिसतात. या गोदामांत माझे वडील माथाडी कामगार होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कापसाच्या एका गाठीचे वजन साधारण १७० किलो. लोखंडी आकडे रुतवून चार-पाच जण मिळून ती हलवीत. तीस वर्षे हे काम करून आबा पाटण तालुक्यातील आमच्या गावी, थोरल्या भावाकडे राहावयास गेले. गिरणगावातील कितीतरी कामगारांचे असेच झाले. उमेदीची वर्षे मुंबईत सरली आणि म्हातारपण गावाच्या वाट्याला आले. महाराष्ट्रातील ग्रामीण वार्धक्याचा विचार करताना हा दुवा विसरून चालत नाही.

दर रविवारी मी आबांना दूरध्वनी करीत असे. “तब्येत कशी आहे, आबा?” “बरं आहे. तुझं कसं चाललंय?” एवढ्यावर तो विषय संपत असे आणि माझे समाधान होत असे.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. संभाषणातील काही वाक्ये माहिती देण्यासाठी नसतात, संबंध जपण्यासाठी असतात, हे मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलेले मत मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. ‘बरं आहे’ हे त्याचे माझे आवडते उदाहरण. घरी मात्र तेच वाक्य मी माहिती म्हणून स्वीकारीत होतो.

एके दिवशी गावातील आशाताई घरी आल्या. त्यांनी तब्येत विचारली नाही. “आबा, मारुतीच्या देवळापर्यंत जाताना वाटेत किती वेळा बसावं लागतं?” असे त्यांनी विचारले. आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सहा महिने झाले, तिकडं गेलोच नाही.” छातीत धाप भरत होती, पण आपली कुरकुर कोणाच्या कानावर जाऊ नये, म्हणून त्यांनी देवळाची वाटच सोडून दिली होती. भावाला ते वयोमान वाटले. मला तर कळलेच नाही.

त्यानंतर वार्धक्याविषयीचे संशोधन मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या ‘आजार नसणे’ अशी केलेली नाही. माणसाला जे मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता टिकवणे, असा तिचा आशय आहे. आबांना मोलाचे होते ते देवळाच्या पारावर बसणे. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या ग्रामस्थांचा अभ्यास केला. हा अभ्यास आशिया आणि आफ्रिकेतील काही देशांत एकाच पद्धतीने झाला. त्यात स्वतःच्या प्रकृतीबरोबरच कल्पित व्यक्तींच्या छोट्या गोष्टी सांगून ‘या माणसाला किती त्रास आहे?’ असेही विचारले जाई. एकाच्या ‘थोडा त्रास’ या शब्दांचे वजन दुसऱ्याच्या शब्दांहून वेगळे असते, हे त्यामुळे ताडून पाहता येते. आमच्याच हार्बर मार्गावरील गोवंडीजवळच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत प्रश्नांच्या जोडीला हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि फुप्फुसांची क्षमताही मोजली गेली. माणूस शब्दांनी जे झाकतो, ते त्याचे चालणे सांगून जाते.

आबांची फुप्फुसे पूर्ववत होणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. औषधे सुरू झाली. भावाने देवळाच्या निम्म्या वाटेवर, आंब्याखाली, एक दगडी बाक बसवून घेतला. पुढची तीन वर्षे आबा काठी टेकीत, त्या बाकावर एकदा थांबून, पारावर जात राहिले. ते सहा महिने मात्र परत आले नाहीत, आणि ते माझ्या मनातून जात नाहीत.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी आणि संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. घरी किंवा गावी कोणी वडीलधारे असतील. भाषाशास्त्रातील हा घटक वाचून झाला, की त्यांना तब्येतीविषयी विचारू नका. पूर्वी रोज जात असत, तेथे आता जातात का, जिना चढताना मध्ये थांबतात का, हे विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबा.